घराला चाकं कोणी लावली?

टायनी हाऊस म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच फोटो येतो. मागे डोंगर, पुढे हिरवं कुरण आणि मधोमध ट्रेलरवर उभं केलेलं उतरत्या छपराचं लाकडी घर. खाली चाकं. या चाकांचं कौतुक आजवर पुष्कळ झालं आहे. ना डोक्यावर कर्ज, ना घरात पसारा. मनात आलं की घर गाडीला जोडा आणि निघा. ऐकायला बरं वाटतं. पण ही चळवळ जिथे जन्मली त्या अमेरिकेत या घरांना चाकं लागली ती भटकण्याच्या हौसेने नाही. चाकं नसती तर एवढं लहान घर बांधायला परवानगीच मिळाली नसती.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस आयोवा राज्यात जे शेफर नावाच्या गृहस्थांनी स्वतःसाठी शंभर चौरस फुटांहूनही लहान घर बांधलं. आजच्या टायनी हाऊस चळवळीची सुरुवात बहुतेक जण तिथूनच मोजतात. त्या वेळच्या बांधकाम नियमांत घराचं किमान माप ठरलेलं होतं आणि शेफर यांचं घर त्या मापात बसत नव्हतं. मग त्यांनी ते ट्रेलरवर चढवलं. नियम घरासाठी होता, ट्रेलर पडला वाहन, त्यामुळे नियम लागूच होईना. पळवाट नामी होती. पुढे हजारो लोकांनी तीच वाट धरली आणि बघता बघता पळवाटेचीच ओळख झाली.

पण ही वाट पुढे जाऊन बंद होते. घर जमिनीवर पाया घालून उभं केलं तर बांधकाम खातं म्हणतं, फार लहान आहे. तेच चाकांवर ठेवलं तर झोनिंग खातं, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधायचं हे ठरवणारं खातं, म्हणतं, हे वाहन आहे, निवासी वस्तीत वाहनात कायमचं राहता येणार नाही, राहायचं तर आरव्ही पार्कात, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाड्यांच्या तळावर जा. आणि कित्येक आरव्ही पार्क हातांनी बांधलेल्या टायनी हाऊसला दारातूनच परत पाठवतात, कारण त्यावर कारखान्याच्या प्रमाणपत्राचा शिक्का नसतो. इकडे आड, तिकडे विहीर. मग लोक कोणाच्या तरी परसात, कुंपणाआड गुपचूप राहतात. त्यांना धास्ती असते ती शेजाऱ्यांची, कारण बहुतेक ठिकाणी या नियमांची अंमलबजावणी तक्रार आली तरच होते. निरीक्षक आपणहून लोकांची परसं धुंडाळत फिरत नाही. शेजारी खूश आहे तोवर कोणी काही विचारत नाही. झाडाच्या फांदीवरून किंवा कुत्र्याच्या भुंकण्यावरून वाजलं की दारावर नोटीस. कोणी कुठे राहायचं याचा कायदा असा शेजाऱ्याच्या खिशात असणं हे मला त्या घराच्या आकारापेक्षा कितीतरी धोकादायक वाटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. घर सुरक्षित आहे का, हे सरकारने जरूर विचारावं, चांगलं खोदून विचारावं. आग लागली तर आतल्या माणसाला बाहेर पडता येईल का, सांडपाणी कुठे जातं, वायरिंग धड आहे का, वादळात छप्पर जागेवर राहील का. पण घर किती मोठं हवं, हे ठरवणं सरकारचं काम नाही. हे दोन प्रश्न गेल्या शंभर वर्षांत एकमेकांत असे काही कालवले गेले आहेत की किमान आकाराची अट म्हणजे जणू आगीपासूनचं संरक्षण, असं चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनाही वाटतं.

आणि गंमत अशी की या अटीने घरं अधिक सुरक्षित झालेली नाहीत. झाली असतील तर वाईट. चाकांवरचं टायनी हाऊस आतून नीट पाहिलं की हे कळतं. खास परवाना न काढता रस्त्यावरून न्यायचं तर त्याची रुंदी साडेआठ फुटांच्या पुढे जाता कामा नये आणि बहुतेक राज्यांत रस्त्यापासून छपरापर्यंतची उंची साडेतेरा फुटांच्या आत हवी. साडेआठातून दोन्ही बाजूंच्या भिंतींची जाडी वजा केली की आत जेमतेम साडेसात फूट उरतात. उंचीतले दोनेक फूट ट्रेलरच खातो. उरलेल्या उंचीत खाली स्वयंपाकघर आणि वर पोटमाळा बसवायचा. म्हणून झोपायचा पोटमाळा एवढा बुटका असतो की अंथरुणात उठून बसलं तर डोकं छपराला लागतं. वर जायला शिडी, नाहीतर ज्याच्या प्रत्येक पायरीत एक खण दडलेला आहे असा उभट जिना. रात्री लघवीला उठलेल्या सत्तरीतल्या माणसाने ती शिडी उतरायची. घराचं माप माणसाच्या अंगावरून घ्यायला हवं. इथे ते पुलाखालून जाणाऱ्या ट्रकवरून घेतलेलं आहे. तेच दोनशे चौरस फूट जमिनीवर बांधायला मिळाले असते तर घर बारा फूट रुंद झालं असतं, पलंग खाली आला असता, शिडी गेली असती. ज्या कायद्याने लोकांच्या जिवाची काळजी म्हणून लहान घर नाकारलं, त्यानेच लोकांना त्याहून गैरसोयीच्या आणि जोखमीच्या घरात ढकललं.

झोनिंगची बाजू घेणारे इतिहासाचा दाखला देतात आणि तो अगदीच पोकळ नाही. एकोणिसाव्या शतकातल्या न्यूयॉर्कमध्ये भाड्याच्या कोंदट इमारतींत खिडकी नसलेल्या खोल्यांत कुटुंबंच्या कुटुंबं कोंबलेली असत. क्षयाने माणसं मरत होती. १९०१ च्या टेनेमेंट कायद्याने नव्या इमारतींत प्रत्येक खोलीला उजेड-वारा आणि प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र शौचालय सक्तीचं केलं. त्या कायद्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण तो कायदा काय मागत होता ते पाहा. खिडकी, हवा, शौचालय, आगीतून सुटायची वाट. रोग दाटीवाटीतून येत होता, आणि दाटी म्हणजे लहान घर नव्हे. दोनशे चौरस फुटांत एक माणूस राहतो तेव्हा तिथे दाटी नसते. हजार चौरस फुटांत वीस जण राहतात तेव्हा असते. दाटी मोजायची तर माणशी जागा मोजावी लागते, आणि तसे नियम अमेरिकेत आहेतही. घरांच्या देखभालीची जी नमुना संहिता अनेक शहरं वापरतात, तिच्यात झोपायच्या खोलीला किमान सत्तर चौरस फूट आणि एकापेक्षा जास्त माणसं झोपत असतील तर माणशी पन्नास चौरस फूट असा हिशोब आहे. त्यावर कोणाचा आक्षेप असण्याचं कारण नाही. झोनिंगमधला किमान आकार मात्र आत किती माणसं आहेत हे विचारतच नाही. एकट्या विधवेला आणि आठ जणांच्या कुटुंबाला तो एकच आकडा सांगतो.

मग तो आकडा येतो कुठून? यासाठी झोनिंगच्या मुळाशी जायला हवं. क्लीव्हलंडजवळच्या युक्लिड या गावाने १९२२ मध्ये जमिनीचे विभाग पाडले: इथे फक्त एका कुटुंबाची घरं, तिथे दोन कुटुंबांची, पलीकडे इमारती, त्यापलीकडे कारखाने. अँबलर रिअल्टी नावाची कंपनी त्याविरुद्ध कोर्टात गेली. १९२४ मध्ये खालच्या कोर्टाचे न्यायाधीश वेस्टनहेव्हर यांनी हा नियम रद्द केला आणि जाता जाता लिहून ठेवलं की याचा अंतिम परिणाम लोकांची त्यांच्या उत्पन्नानुसार वर्गवारी करून त्यांना वेगवेगळं ठेवणं हाच आहे. इतकं स्वच्छ वाक्य झोनिंगच्या टीकाकारांनाही नंतर क्वचितच सुचलं असेल. सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये तो निकाल फिरवला. न्यायमूर्ती सदरलँड यांनी निकालपत्रात एका कुटुंबाच्या घरांच्या वस्तीत येणाऱ्या अपार्टमेंट इमारतीला चक्क बांडगूळ म्हटलं: शेजारच्या मोकळ्या जागेवर आणि रम्य वातावरणावर जगणारं. धूर ओकणारा कारखाना एकवेळ समजू शकतो. पण इथे उपद्रव म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं गेलं ते कोणाचं तरी राहतं घर होतं, आणि त्याचा दोष एवढाच की त्यात राहणाऱ्यांना स्वतंत्र बंगला परवडत नव्हता. देशभरातल्या झोनिंगला त्या दिवशी घटनेचा आधार मिळाला. आधी १९१७ मध्ये लुईव्हिलच्या खटल्यात याच न्यायालयाने वंशावर उघडउघड आधारलेली झोनिंग बेकायदा ठरवली होती. वंश लिहिता येत नव्हता. प्लॉटचं माप आणि घराचं माप लिहिता येत होतं.

न्यू जर्सीतल्या वेन टाउनशिपचा नियम तर समोर ठेवून वाचावा असा आहे. १९४९ च्या त्या नियमानुसार एकमजली घर किमान ७६८ चौरस फुटांचं हवं होतं. दुमजली घराला लागून गॅरेज असेल तर हजार चौरस फूट पुरत. गॅरेज नसेल तर बाराशे. पुन्हा वाचा. गाडी ठेवायला जागा केली तर माणसांच्या जागेत दोनशे फुटांची सूट. माणसांच्या आरोग्याचा विचार करून केलेल्या नियमात हे कसं बसतं? गाडीशेजारी झोपणाऱ्याला हवा कमी लागते काय? पण रस्त्यावरून घर केवढं दिसतं, हा विचार डोक्यात ठेवून वाचलं की सगळा उलगडा होतो. गॅरेजमुळे घर भरीव दिसतं, मग आत थोडं कमी चालेल. १९५२ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम वैध ठरवला. हार्वर्डचे कायद्याचे प्राध्यापक चार्ल्स हार यांनी पुढच्याच वर्षी त्या निकालावर झोड उठवली, पण निकाल राहिला तो राहिलाच.

त्याच काळात, १९४७ पासून, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटाउन उभं राहत होतं. युद्धावरून परतलेल्या सैनिकांची आणि त्यांच्या नव्या संसारांची ही वसाहत अमेरिकन मध्यमवर्गाच्या स्वप्नाचं प्रतीक मानली जाते. (त्या स्वप्नात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, हेही इथेच सांगून टाकू.) तिथली पहिली घरं ७५० चौरस फुटांची होती. म्हणजे ज्या घरांनी एक अख्खी पिढी वाढवली, ती वेनमध्ये अठरा चौरस फुटांनी बेकायदा ठरली असती. एखाद्या कपाटाएवढी जागा.

न्यू जर्सीच्या न्यायालयाला आपली चूक कळायला सत्तावीस वर्षं लागली. १९७९ मध्ये बर्लिन टाउनशिपच्या खटल्यात त्याच न्यायालयाने मान्य केलं की राहणाऱ्यांची संख्या, प्लॉटचा आकार वगैरे कशाशीच न जोडलेली किमान क्षेत्रफळाची अट आरोग्य किंवा सुरक्षिततेसाठी आहे असं म्हणता येत नाही. तिचा खरा परिणाम कमी उत्पन्नाच्या लोकांना बाहेर ठेवणं हा आहे. पण हा निकाल एका राज्यापुरता. इतरत्र या अटी मजेत नांदत आहेत. जॉर्जियातल्या कॅलहून शहरात कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी ५४० ते ६०० चौरस फुटांची घरं बांधू पाहणाऱ्या एका संस्थेला शहराच्या ११५० चौरस फुटांच्या अटीने अडवलं, आणि २०२१ मध्ये ती कोर्टात गेली. लक्षात घ्या, ही ट्रेलरवरची हौशी खोपटी नव्हेत. पाया, भिंती, छप्पर, बांधकाम संहितेत सर्वार्थाने बसणारी घरं. संहिता म्हणते ठीक आहे. झोनिंग म्हणतं, दुप्पट करा.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे शहाणपण आपण पोरांना शिकवतो. इथे कायदाच सांगतो की अंथरूण लहान असलं तरी पाय पसरलेच पाहिजेत, आणि नसेल जमत तर दुसऱ्या गावात जाऊन झोपा.

दरम्यान घरं फुगत गेली आणि कुटुंबं आक्रसत गेली. १९७३ मध्ये अमेरिकेत नव्या स्वतंत्र घराचं सरासरी क्षेत्रफळ १६६० चौरस फूट होतं. २०१५ मध्ये ते २६८७ वर गेलं. याच काळात घरटी माणसं तीनवरून अडीचवर आली. १९६० मध्ये साधारण तेरा टक्के घरांत एकटा माणूस राहत असे, २०२० मध्ये ते प्रमाण जवळपास अठ्ठावीस टक्क्यांवर गेलं. एकटी राहणारी माणसं वाढत आहेत आणि त्यांच्यासाठी बांधता येण्याजोगं घर कागदोपत्री अस्तित्वातच नाही. याला बाजाराची आवड म्हणून चालणार नाही. ज्या वस्तूवर बंदी आहे ती लोकांना नकोच आहे, असं कोणत्या आधारावर म्हणायचं?

आता विरोधकांचा खरा मुद्दा. तो आरोग्याचा नाही, घरपट्टीचा आहे, आणि खासगीत ते तो मोकळेपणाने मांडतात. अमेरिकेत शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता कर भरून काढतो. लहान घराचा कर लहान. त्यात दोन पोरं राहिली तर शाळेवर ताण तेवढाच. मग गावाला वाटतं, मोठीच घरं येऊ देत, कर जास्त आणि पोरं मोजकी. हा हिशोब समजण्यासारखा आहे, पण तो दोन ठिकाणी घसरतो. एक तर अडीचशे चौरस फुटांत शाळकरी मुलांचा संसार क्वचितच थाटला जातो. तिथे राहतात एकटी माणसं, जोडपी, म्हातारी माणसं. ती कर भरतील आणि शाळेत एकही पोर पाठवणार नाहीत. दुसरं म्हणजे, हा हिशोब खरा मानला तर तो गरीब कुटुंबांना गावाबाहेर ठेवण्याचा हिशोब आहे. तसं असेल तर तसं म्हणा. उगीच वर आरोग्याची पाटी कशाला?

शेजारच्या घराची किंमत पडेल, या भीतीवर फार वेळ घालवावासा वाटत नाही. ज्याला आपल्या घराच्या किमतीची हमी हवी आहे, त्याने ती शेजाऱ्याच्या गरिबीवर बंदी घालून का मिळवावी?

सांडपाण्याचा मुद्दा मात्र खरा आहे आणि टायनी हाऊसवाल्यांनीच तो उडवून लावलेला मी पाहिला आहे. जिथे मलनिस्सारणाची लाइन नाही तिथे सेप्टिक टँक लागतो, आणि टँकच्या पाण्याला मुरायला जमीन लागते. घर लहान असलं तरी माणसाच्या पोटातून बाहेर पडणारं काही लहान होत नाही. कंपोस्ट टॉयलेट चांगलं वापरलं तर उत्तम, वाईट वापरलं तर शेजाऱ्याच्या विहिरीचा घात. स्वातंत्र्याच्या नावाखाली बागेच्या पाइपाने पाणी आणि एक्स्टेन्शन कॉर्डने वीज घेणारी घरं मला अजिबात रोमँटिक वाटत नाहीत. चळवळीतल्या काही मंडळींना कुठलाच नियम नको असतो. त्यांच्याशी माझं जमत नाही. टेक्सासमधल्या स्पर या छोट्याशा गावाने २०१४ मध्ये स्वतःला टायनी हाऊसचं स्वागत करणारं देशातलं पहिलं गाव म्हणून जाहीर केलं, तेव्हाही अट घातली होती: घर पायावर बसवा. ओस पडत चाललेल्या गावाला माणसं हवी होती, पण कशीही नको होती. मला हे योग्य वाटतं.

सुरक्षिततेचे प्रश्न आकाराला हात न लावता सोडवता येतात, हे काही स्वप्नरंजन नाही. ते झालेलं आहे. अमेरिकेतली बहुतेक राज्यं ज्या आंतरराष्ट्रीय निवासी संहितेवर आपले नियम बेततात, तिच्या २०१८ च्या आवृत्तीत टायनी हाऊससाठी परिशिष्ट क्यू जोडलं गेलं. पोटमाळा सोडून चारशे चौरस फुटांपर्यंतच्या घराला ते लागू होतं. वाचायला रूक्ष, पण माझ्या मते या सगळ्या वादातला सर्वांत शहाणा दस्तऐवज. छताची उंची सात फुटांऐवजी सहा फूट आठ इंच चालेल, न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात सहा फूट चार इंच. पोटमाळ्यावर शिडीने जाता येईल, पण शिडीचा दांडा किमान बारा इंच रुंद हवा, दोन दांड्यांत दहा ते चौदा इंचांचं अंतर हवं, प्रत्येक दांड्याने दोनशे पौंड पेलले पाहिजेत आणि शिडीचा उतार सत्तर ते ऐंशी अंशांत हवा. आग लागली तर पोटमाळ्यावरून निघायला छपरातली खिडकी चालेल. सुरक्षिततेचा विचार असा दिसतो. तो शिडीच्या दांड्याला हात लावून पाहतो. घर रस्त्यावरून भारदस्त दिसतं का, हे तो विचारत नाही.

दोन अडचणी राहिल्या. परिशिष्ट आपोआप लागू होत नाही. राज्याने किंवा शहराने ते मुद्दाम स्वीकारावं लागतं. आणि संहितेने घर मान्य केलं तरी झोनिंगचा किमान आकार, प्लॉटमागे एकच घर, पार्किंगची सक्ती या गोष्टी जागच्या जागी असतात. बांधकामाचं दार उघडलं आणि जमिनीचं कुलूप तसंच.

ते कुलूपही काही ठिकाणी निघालं. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोने २०१६ च्या सुमारास चाकांवरच्या टायनी हाऊसला परसातलं कायम घर म्हणून मान्यता दिली. पोर्टलंडने २०१७ मध्ये आधी कारवाई थांबवली आणि २०२१ मध्ये निवासी प्लॉटवर अशा घरांत राहणं रीतसर कायदेशीर केलं. कॅलिफोर्निया राज्याने तर २०२० पासून लागू झालेल्या कायद्यांनी शहरांचे हातच बांधले: परसात आठशे चौरस फुटांपर्यंतचं दुसरं घर बाजूने-मागून चार फूट सोडून बांधायचं असेल तर शहराला नाही म्हणता येत नाही. हे राज्यानेच करायला हवं होतं. गावपातळीवर मत फक्त आत राहणाऱ्यांना असतं. ज्यांना बाहेर ठेवलंय ते मतदानाला येणार कुठून?

लॉस एंजेलिसने चाकांवरच्या घरांना परसात परवानगी देताना एक अट घातली आहे: चाकं आणि खालचा सांगाडा बाहेरून दिसता कामा नये. कायद्यामुळे चाकं लावा, मग कायद्यामुळेच चाकं झाका. त्यापेक्षा सरळ काढून टाकायची मुभा द्या ना. बहुतेक टायनी हाऊस वर्षानुवर्षं जागचं हलत नाहीत. हलवायचं तर ताकदीचा ट्रक लागतो, नवी जागा लागते. चाकांमुळे मिळणारं स्वातंत्र्य थोडंच, आणि त्याची किंमत मोठी: गृहकर्ज मिळत नाही, वाहन म्हणून चढ्या व्याजाचं कर्ज मिळतं, विमा मिळताना मारामार, आणि गाडीसारखी घराची किंमत दरवर्षी घसरते. जमीन दुसऱ्याची असते ते वेगळंच.

डावीकडून येणारी टीका मला उजवीकडच्या टीकेपेक्षा जास्त टोचते. ती अशी: टायनी हाऊस म्हणजे गरिबीला लावलेला सुंदर रंग. पगार वाढवता येत नाहीत, भाडी आवरता येत नाहीत, तर माणसाला शेडमध्ये राहायला शिकवा आणि त्याला साधेपणा म्हणा. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपियात २०१३ च्या अखेरीस उघडलेल्या क्विक्सोट व्हिलेजमध्ये बेघरांसाठी १४४ चौरस फुटांची तीस घरं आहेत. तंबूपेक्षा ती हजार पटींनी बरी. पण शहराने यावर समाधान मानून इमारती बांधणं सोडलं तर ही टीका खरी ठरेल. जिथे जमीन महाग आहे तिथे चार-पाच मजली इमारत हेच शहाणपणाचं उत्तर आहे, आणि एका घराला एक प्लॉट देणारं टायनी हाऊस तिथे चैनच म्हणावी लागेल. एवढं मान्य करूनही एक गोष्ट उरते. टायनी हाऊसला अडवणारा नियम आणि अपार्टमेंटला अडवणारा नियम हे एकाच कागदावर लिहिलेले आहेत. सदरलँडसाहेबांचं बांडगूळ दोघांनाही लागू आहे. तो कागद बदलला तर दोन्ही वाटा मोकळ्या होतात.

डेट्रॉइटमध्ये कॅस कम्युनिटी सोशल सर्व्हिसेस या संस्थेने जे केलं ते मला या टीकेचं सर्वांत चांगलं उत्तर वाटतं. २५० ते ४०० चौरस फुटांची घरं, प्रत्येक घर वेगळ्या धाटणीचं, प्रत्येक स्वतःच्या पायावर आणि स्वतःच्या प्लॉटवर. भाडं महिन्याला चौरस फुटामागे एक डॉलर. सात वर्षं राहिलात आणि भाडं भरलंत की घर आणि जमीन तुमची. इथे घर लहान आहे, पण मालकी पुरी आहे. तुलनेसाठी टेक्सासमधल्या ऑस्टिनजवळचं कम्युनिटी फर्स्ट व्हिलेज पाहा. दीर्घकाळ रस्त्यावर काढलेल्या शेकडो माणसांना तिथे छप्पर मिळालं, आणि ते उभं राहिलं शहराच्या हद्दीबाहेर, कारण टेक्सासमध्ये शहराबाहेरचा कारभार पाहणाऱ्या काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, सहसा झोनिंगचा अधिकारच नाही. काम मोठं आहे यात शंका नाही. पण इलाज, नोकरी, बस, सरकारी कचेरी ज्यांना सर्वांत जास्त लागते त्यांची वसाहत शहराबाहेर जाते, कारण शहरात तिला जागा द्यायला शेजारी तयार नसतात.

म्हणून खरी गाठ आकारापेक्षा जमिनीची आहे. घर अडीचशे चौरस फुटांचं करून प्लॉट अर्ध्या एकराचाच घ्यावा लागत असेल तर बचत कसली? बांधकामातही बचत दिसते तेवढी नसते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर हे घरातले महागडे भाग लहान घरातही लागतातच, त्यामुळे चौरस फुटाचा दर चढाच पडतो. ह्यूस्टनने १९९८ मध्ये शहराच्या आतल्या वर्तुळात प्लॉटचं किमान माप पाच हजारांवरून चौदाशे चौरस फुटांवर आणलं आणि २०१३ मध्ये ती सवलत बाहेरच्या भागाला दिली. जुन्या एका बंगल्याच्या जागी तीन-तीन घरं उभी राहिली. ती टायनी नव्हती, पण जमिनीचा वाटा लहान झाल्यामुळे जास्त लोकांच्या आवाक्यात आली. कोणाला वस्ती बदलायला नकोच असेल तर तिथल्या गल्लीला बहुमताने जुनं माप टिकवण्याची सोयही ठेवली होती. मला ही तडजोड पटते. विरोध करणाऱ्यांनी तो आपल्या गल्लीपुरता करावा, अख्ख्या शहराच्या वतीने नाही.

आणि जिथे चाकं राहणारच आहेत तिथे भाडेकराराचा कायदा हवा. टायनी हाऊसचा मालक बहुधा जागेचा भाडेकरू असतो. मोबाइल होम पार्कांचा, म्हणजे कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या घरांच्या वसाहतींचा अनुभव समोर आहे: घर तुमचं, जमीन कंपनीची, कंपनी विकली गेली, भाडं वाढलं, आणि घर हलवायचा खर्च घराच्या किमतीच्या बरोबरीने. नावात मोबाइल असूनही माणूस तिथेच अडकतो. परसात टायनी हाऊस ठेवून राहणाऱ्याची अवस्था याहून नाजूक, कारण त्याच्याकडे बहुतेकदा लेखी करारही नसतो आणि बेकायदा वास्तव्याबद्दल तो कोर्टात तोंड उघडू शकत नाही. ज्या शहरांनी या घरांना परवानगी दिली आहे त्यांनी जागेच्या भाड्याला लेखी करार, वाढीवर पूर्वसूचना आणि घर हटवायला पुरेशी मुदत एवढं तरी त्याच नियमात घालावं. लिहायला फार तर एक पान लागेल.